खरवडलेला धक्का

पाणबुड्या हा दाजींच्या बायकोचा धाकटा भाऊ. येणंजाणं आयुष्यभराचं, पण तो आतून कसा होता हे कुणी दाजींना विचारलं असतं, तर त्यांनी मान खाली घातली असती. पाण्याखाली राहून राहून त्याचे कान गेलेले, म्हणून तो बोलायचा ओरडून. दाजी मुळातच अबोल, आणि जे काही हळू आवाजात बोलायचे ते त्याला ऐकूच यायचं नाही.

बंदरातल्या धक्क्याचे खांब पाण्याखाली उतरून तपासायचे, हे त्याचं काम. खांबांवर शिंपल्यांचा जाड थर होता. एकदा त्याने बहिणीच्या दोन काचेच्या बरण्यांत बंदराचं गढूळ पाणी भरलं आणि एकीत मूठभर शिंपले सोडले. संध्याकाळी त्या बरणीतून पलीकडच्या भिंतीवरचं घड्याळ दिसायला लागलं.

"दाजी, हे शिंपले पाणी ओढतात, त्यातलं शेवाळ खातात, गाळ खाली टाकतात आणि निवळ पाणी सोडतात. दिवसभर हाच उद्योग!"

"तुझ्यापेक्षा कामसू आहेत मेले," बहीण म्हणाली. "बरण्या घासून ठेव आता."

मग धक्का नव्यासारखा करायचं ठरलं. खांब खरवडायचे, आणि पुन्हा काही चिकटू नये म्हणून वर विषारी रंग. तो मुकादमाला म्हणाला, "निदान आतली रांग ठेवा. पाणी नासेल."

"का रे, तुझी सासुरवाडी आहे का तिथं?" मुकादम म्हणाला. सगळे खिदळले.

शेवटी त्यानेच खरवडलं. दाजींनी विचारलं तेव्हा ओरडला, "मी नाही, तर दुसऱ्याने केलंच असतं!" मग जरा वेळाने म्हणाला, "हाताला सवय आहे, दाजी. हात थांबलेच नाहीत."

वाचलेले थोडे शिंपले त्याने जाळीच्या पिशवीत भरून शेवटच्या खांबाला टांगले. ते जगले तर पिल्लं होतील, पुन्हा थर धरेल, एवढ्याच आशेवर तो होता. उन्हाळ्यात पाणी हिरवं झालं, मग दाट, मग नाक धरावं लागेल असं. मासे पोट वर करून तरंगू लागले. लोक म्हणाले, यंदा उन्हाळाच वाईट.

एका रविवारी तो बादली घेऊन आला. आत तीच पिशवी. शिंपले आ वासलेले. जिवंत शिंपला टिचकी मारली की मिटतो, हे त्यानेच दाजींना शिकवलं होतं. दाजी एकेकाला टिचकी मारत राहिले. एकही मिटला नाही. तो शेजारी बसून नुसता बघत होता. तुझा दोष नाही, असं काहीतरी दाजींना म्हणायचं होतं. पण ते ओरडून सांगावं लागलं असतं, आणि असलं ओरडून कसं सांगायचं?

पुढचा रविवार त्याने पाहिला नाही. झोपेतच गेला.

बादली आणली त्या रविवारी तो जायला उठला, तेव्हा दाजी म्हणाले होते, "अरे, बादली?"

त्याला ऐकू आलं नाही. दाजींनी बोट दाखवलं.

"राहू दे हो दाजी," तो ओरडला, "उद्या नेतो."