मास्तरांचं नमुनेदार कोपर

मास्तर खरं तर डॉक्टर होते. पण उभ्या आयुष्यात त्यांनी एकही पेशंट धड तपासला नव्हता, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत, आणि त्यांनाही ते पटलेलं होतं. शिकत असताना पहिलं इंजेक्शन द्यायची वेळ आली, तेव्हा पेशंट शांतपणे बसून राहिला आणि हेच चक्कर येऊन पडले. पेशंटनेच यांना पाणी पाजलं. तेव्हापासून त्यांनी ठरवलं, की आपण रोग शिकवावेत, बरे करायच्या भानगडीत पडू नये.

औषधाच्या दुकानावरच्या लांबट खोलीत त्यांचा क्लास चाले. वैद्यकीच्या परीक्षेत गटांगळ्या खाणारी मुलं तिथे येत. सोमवारी हाताच्या नसा आणि त्यांच्या इजा, गुरुवारी रोगजंतू. मनगट लुळं पडलं तर कुठली नस गेली, करंगळी आखडली तर कुठली, हे लक्षात राहावं म्हणून मास्तरांनी विनोद रचले होते. ते दरवर्षी तेच असत, आणि त्यांना सगळ्यांत आधी हसणारेही मास्तरच असत.

पण त्यांचा हुकमी एक्का म्हणजे त्यांचं उजवं कोपर. बाही वर सारून ते कोपर वाकवत आणि मुलांसमोर धरत. "या, हात लावा. आतल्या बाजूच्या हाडामागे बोट फिरवा. दोरीसारखी लागते ना? हीच ती अल्नर. कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झणका जातो, तो हिच्यामुळे."

मुलं ओळीने हात लावत. सगळ्यांना नस सापडे. "असली नस तुम्हाला पुस्तकात सापडायची नाही," मास्तर अभिमानाने म्हणत. ते अगदी खरं होतं.

एका सोमवारी क्लास सुटल्यावर एक मुलगी मागे रेंगाळली. प्रत्येक तासाला तिचा हात वर असे, म्हणून मुलांनी तिचं नाव शंकाताई ठेवलं होतं. आज मात्र ती रडवेली झाली होती.

"सर, मला बहुतेक अल्नर नाहीये."

"नाहीये म्हणजे? कुणाला उसनी दिलीस?"

"घरी शोधली ना. आईची पाहिली, दादाची पाहिली. तुमच्यासारखी कुणाचीच लागत नाही. आमच्या घराण्यातच काही कमी असेल का?"

मास्तर पोट धरून हसले. मग तिचं कोपर हातात घेऊन त्यांनी नस शोधली. होती, पण शिवणाच्या जाड दोऱ्याएवढी. "तुझी जरा नाजूक आहे," त्यांनी निकाल दिला. तरी चैन पडेना, म्हणून उतरताना खालच्या दुकानदाराचं कोपर चाचपलं. नाजूक. घरी जाऊन बायकोचं चाचपलं. तेही नाजूक. इतकी कोपरं पालथी घातल्यावर मास्तरांनी निष्कर्ष काढला, की आजकाल लोकांच्या नसाच बारीक व्हायला लागल्या आहेत.

"स्वतःचं दुसरं कोपर पाहिलंत का?" बायकोने विचारलं. ती शाळेत भूमिती शिकवायची; दोन बाजू ताडून पाहिल्याशिवाय तिचं कशानेच समाधान होत नसे.

मास्तरांनी डाव्या कोपरामागे बोट फिरवलं. बारीक दोरा. पुन्हा उजव्या. दोरी.

मग एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहिली. गेलं वर्षभर हातातून खडू पडत होता, आणि हे खडू बनवणाऱ्याला शिव्या देत होते. किल्ली फिरेना, तेव्हा कुलूप बदललं. शर्टाचं बटण लागेना, तेव्हा शिंप्याशी भांडून आले. दुधाचं तापलेलं पातेलं उचलताना करंगळी चांगली पोळली, आणि ती पोळल्याचं कळलं ते बायकोला, वासावरून! "मला सहन होतं," असं तेव्हा छाती फुगवून म्हणाले होते. कोपराजवळ एक फिकट चट्टा होता, तो त्यांना खडूची भुकटी वाटे.

दुसऱ्या दिवशी ते त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. तिने त्यांना डोळे मिटायला सांगितलं. "सर, चट्ट्यावर कापूस लावते. कळला की सांगा."

मास्तर वाट पाहत बसले. "लाव की."

"तीनदा लावून झाला, सर."

मास्तरांनी डोळे उघडले नाहीत. गुरुवारचा तास त्यांना तोंडपाठ होता: शरीराच्या थंड भागात राहणारा जंतू, संथपणे वाढणारा, नसांमध्ये घर करणारा. फक्त त्याची आणि सोमवारची गाठ आपल्याच कोपरात पडेल, हे सुचलं नव्हतं.

"कुष्ठरोग," ते म्हणाले.

"हो सर. औषधांनी पूर्ण बरा होतो, तुम्हीच शिकवलंत. नसेची सूज उतरवायलाही गोळ्या देते. बोटांची ताकद किती परत येईल, ते मात्र आत्ताच सांगता येणार नाही."

"तू माझ्याकडे शिकत होतीस तेव्हा..."

"तेव्हा एवढी जाड नव्हती, सर. मी हात लावला होता."

"म्हणजे तू बरोबर शिकलीस. तुझ्यानंतरच्यांचं कसं होणार?" दोघंही हसले. मग बाईंनी औषधं लिहायला मान खाली घातली.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. तिने त्यांचा उजवा हात ओढून मांडीवर घेतला आणि करंगळीवरचा पोळल्याचा डाग पाहत म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अख्ख्या गावाला दाखवलात, मला तेवढा नाही दाखवलात."

गोळ्या सुरू झाल्या. एके सकाळी लघवी लालभडक झाली, तसे मास्तर घाबरून बाईंना फोन करून बसले. "सर, त्या गोळीने होतेच. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न आहे," बाई शांतपणे म्हणाल्या.

क्लासमध्ये त्यांनी सगळं सांगितलं. पुढच्या बाकावरचा एकजण नकळत मागे सरकला. मास्तर म्हणाले, "सरक, सरक. नीट शिकवलं नाही म्हणून दोष माझाच. औषध सुरू झालं की हा पसरत नाही, हे मी तुम्हाला दोनदा तरी सांगितलंय." तोवर शंकाताई उठली होती. तिने त्यांचं उजवं कोपर चाचपलं, मग डावं, आणि सुटकेचा श्वास टाकला. "म्हणजे मला अल्नर आहे, सर!"

सूज उतरली. बोटांच्या चिमटीत कागद धरता येऊ लागला, बटणंही लागू लागली. करंगळी थोडी वाकडी राहिली, तिच्यात अर्धवटच संवेदना परतली. आता पातेलं उचलायचं काम बायकोने त्यांच्याकडून काढून घेतलं आहे, आणि रोज ती त्यांचे हात उलटसुलट करून तपासते.

महिन्याच्या गोळीसाठी ते आरोग्य केंद्राच्या बाकावर बसतात. परवा शेजारी एक ट्रकवाला बसला होता, त्यालाही तोच आजार. त्याने विचारलं, "तुम्ही काय करता?"

"डॉक्टर होणाऱ्या मुलांना शिकवतो."

"काय शिकवता?"

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हेच."

ट्रकवाला इतका मोठ्याने हसला, की नर्सबाई दारातून डोकावल्या. मास्तरही हसले. या वेळी मात्र हसण्यात त्यांचा नंबर दुसरा होता.