गोकुळाची गोफण

कोरपन्याच्या बाजूला गोकुळा नावाची बाई होती. तिला साऱ्या जगाचा संशय. दुकानदाराच्या तराजूचा, सोयऱ्याच्या गोड बोलण्याचा, फार काय, घरच्या मांजरीचासुद्धा. नवरा गेल्यापासून चार एकराचं वावर ती एकटी राखत होती. बाईमाणसाला एकटीनं वावर राखायचं तर असाच स्वभाव लागतो, तिचं काय चुकलं?

एका साली ज्वारी दाण्यावर आली आणि तिच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडच्या पडीक जमिनीत मिलिटरीचा ट्रक येऊन उभा राहिला. टपावर बाजेएवढी लोखंडी परात, सारखी गरगर फिरायची. टेकडीमागून सरावाच्या तोफा धडधडायच्या. विहिरीवर पाण्याला आलेल्या एका जवानानं गावाला समजावलं, की याला रडार म्हणतात; शत्रूचा उडता गोळा पाहून तो कुठून सुटला ते सांगतं, आणि आपला गोळा चुकला तर किती चुकला तेही. गावानं माना डोलावल्या.

"गोळे पाहाले आले म्हनते," गोकुळा म्हणाली. "माह्यं वावर पाहून राह्यले ते." शेजारच्या गावात असेच सरकारी लोक आले होते. आधी नुसतं पाहिलं, मग खुंट्या ठोकल्या, मग जमीन गेली.

तिसऱ्या दिवशी ती परात फिरता फिरता नेमकी तिच्या वावराकडे तोंड करून थांबली आणि गोकुळाचं डोकंच फिरलं. जवान झाडाखाली जेवायला बसले होते. पाखरं हाकायच्या मचाणावर ती उभी राहिली आणि गोफण फिरवली. पहिला दगड ट्रकच्या अलीकडे पडला. दुसरा पलीकडे गेला. तिसरा टपावर टणकन बसला.

मग मात्र तिला विहिरीवरच्या जवानाचं बोलणं आठवलं. दगड कुठून सुटला ते त्या यंत्रानं पाहिलंच असणार. झालंही तसंच. जवानांचा हवालदार उभ्या ज्वारीतून सरळ तिच्या मचाणाखाली येऊन थांबला.

"तुमच्या यंतरानं सांगितलं असन," ती वरूनच म्हणाली. "मले न्या साहेब, पन वावर नका घेऊ. माह्यापाशी तेवढंच हाये."

हवालदार हसला. "एवढा बारका दगड त्याला कुठला दिसतोय, बाई. एक अलीकडे, एक पलीकडे, एक टपावर. तिन्ही एका रेषेत. रेष धरून मागे आलो, तर तुम्ही. आमच्या तोफाही असाच नेम बसवतात." त्यानं हातातला दगड शिडीच्या पायरीवर ठेवला. "जमीन नको आम्हाला. उद्या निघतो."

दुसऱ्या दिवशी ट्रक खरंच गेला. धुऱ्यावर एक खुंटी तेवढी राहिली होती. जवानांची ताडपत्री बांधायची असेल, नसेलही. गोकुळानं ती उपटून चुलीत घातली.

वावर शेवटपर्यंत तिचंच राहिलं. हवालदार खरं बोलला होता, असं लोक तिला पुन्हापुन्हा सांगत.

"खरं बोलला असन," ती म्हणे. "पन तीन दगड पडल्यावर बोलला."