आधी लिही, मग चाल

आमच्या जिल्ह्याच्या बुद्धिबळ निवड स्पर्धेचं नाव निघालं की मले किळस येते. ती फक्त दुसऱ्यांची नाही, हे पहिलेच सांगून टाकतो. तेवीस वर्षं या स्पर्धेचा मुख्य पंच मीच होतो.

या स्पर्धेतले पहिले चार जण राज्याच्या निवडीले जातात, अन् तिथून राष्ट्रीयले. मोहाडीकडचा आसाराम मारबते त्या चौघांत यायसाठी अठरा वर्षं झटला. ढिवर माणूस, तलावात जाळं टाकून पोट भरणारा. पहाटे जाळं ओढायचं, मासोळ्या बायकोच्या, गीताबाईच्या टोपल्यात टाकायच्या अन् भंडाऱ्याची यष्टी पकडायची. समोर बसलेले शहाणे त्यानं हात लावलेल्या सोंगट्या रुमालानं पुसत. हरल्यावर त्याच रुमालानं तोंड पुसत.

एका साली चौथ्या जागेसाठी तो अन् दुसरा एक जण बरोबरीत आले. संघटनेचे सचिव भैय्याजी म्हणाले, चिठ्ठी काढू. चिठ्ठी निघाली, दुसऱ्याचं नाव आलं. डब्यात राहिलेली चिठ्ठी मी मागून उघडून पाहिली, तिच्यावर बी तेच नाव. मी ती खिशात टाकली अन् जेवायले बसलो. पुढं संघटनेचे दोन तुकडे झाले, दोघांनी दोन स्पर्धा घेतल्या, अन् राज्यानं दोन्हीकडचे खेळाडू दारातूनच परत पाठवले. त्यात आसाराम होता. "जाऊ द्या जी गुरुजी," म्हणे, "येत्या साली पाहू."

मले गुरुजी म्हणे, कारण चौथीत त्याले हा खेळ मीच शिकवला. हात लय चपळ, विचार न करताच सोंगटी उचले. म्हणून मी सवय लावली: आधी चाल कागदावर लिही, लिहिलेलं पाह्य, मगच खेळ. तेव्हा सगळेच असं शिकवत. मग नियम बदलला. आता चाल खेळायच्या आधी लिहिता येत नाही. पंचानं ताकीद द्यायची, अन् वारंवार झालं त डाव हरला असंही ठरवता येते. नागपूरच्या शिबिरात मी हे शिकून आलो, अन् आसारामले सांगितलं नाही. आपलं शिकवणं चुकीचं ठरलं, हे शिष्यापुढं कायले कबूल करा? तसंही अर्धं सभागृह आधीच लिहे, अन् कोनाची तक्रार नव्हती.

यंदा शेवटच्या फेरीत आसारामले फक्त बरोबरी पाहिजे होती. वय सेहेचाळीस, पुन्हा एवढ्या जवळ यायची आशा नव्हती. समोर भूपेंद्र, भैय्याजीचा भाचा. आसारामकडे एक हत्ती जास्त होता. भूपेंद्रनं हात वर केला. "सर, हे आधी लिहून राहिले."

मी ताकीद दिली. आसाराम हो जी म्हणाला, अन् पुढच्याच चालीले पेन उचलला. छत्तीस वर्षांची सवय होती ती. मी दंड म्हणून भूपेंद्रच्या घड्याळात दोन मिनिटं वाढवून दिली. तिसऱ्यांदा झालं तेव्हा भैय्याजी नियमांचं पुस्तक घेऊनच आले. पान पहिलेच दुमडून ठेवलं होतं. शेजारच्या टेबलावर दोघं जण आरामात आधी लिहून मग खेळून राहिले होते. ते भैय्याजीले दिसत होतं अन् मलेही दिसत होतं. निर्णय पंचाच्या हाती असतो. मी दोन शब्द बोललो असतो त डाव पुढं चालला असता. पण मुख्य पंचाची खुर्ची भैय्याजी देतात, अन् समारोपाले शाल-नारळ बी तेच देतात.

"काहून रे आसाराम," भैय्याजी सगळ्यांसमोर म्हणाले, "इतके वर्षं खेळून राहिला, तुले ही घाणेरडी सवय लावली कोनं?"

आसारामनं माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकात पाहिलं.

"कोनं नाही जी," तो म्हणाला. "माही मलेच लागली."

मी निकालाच्या कागदावर भूपेंद्रच्या नावापुढं एक मांडला अन् आसारामच्या नावापुढं शून्य. त्यानं सही केली, दोन्ही बाजूच्या सोंगट्या जागच्या जागी लावून ठेवल्या अन् पिशवी उचलली. समारोपात मले शाल मिळाली. ती मी घेतली.

जाताना तो दरवर्षीसारखाच माझ्या पाया पडला. हाताले मासोळीचा वास होता. मी पाय मागं घेतले नाही, एवढा मी निर्लज्ज.