मागं कोन हाय?

चढावर तुमची गाडी थांबलेली असते, तेव्हा तुमच्या मागे कोण उभं असतं? कुठली गाडी ते नका सांगू, माणूस सांगा. आठवत नाही ना? मलाही कधी आठवलं नसतं. मला गाडी शिकवणाऱ्या आपांनी सवय लावली.

जुन्या जालन्यात नदीकडून धान्याच्या दुकानांकडे एक गल्ली चढत जाते. एका बाजूला दुकानांचे दगडी ओटे, दुसऱ्या बाजूला उघडी नाली, आणि मधून हातगाड्या, रिक्षा, दुचाक्या, शेळ्या. आपा बरोबर तिथेच, चढाच्या मध्यावर, गाडी थांबवायला लावायच्या. मग बोटातली चांदीची अंगठी डॅशबोर्डवर आपटून विचारायच्या, "मागं कोन हाय?"

आरशात बघून मोठ्याने सांगायचं. सांगितल्याशिवाय ब्रेकवरचा पाय हलवायचा नाही.

"कोणी नाही, आपा," मी पहिल्या दिवशी म्हणाले.

"कोनी न्हाई? मंग तो शेंगावाला काय भूत हाय?"

"एक शेंगावाला."

"आन् त्याच्या बाजूला?"

"शेळी."

"हां. शेळीलाबी जीव हाय. बराबर सांगत जा."

आपा बायकांना गाडी शिकवायच्या. घरी उर्दू, गल्लीत मराठी, आणि रागावल्या की दोन्ही एकदम. नकाब डोक्यावर मागे टाकलेला, गालात सुपारी, पायात नवऱ्याच्या जुन्या चपला. बायकांच्या चपला पेडलवरून घसरतात असं त्यांचं ठाम मत होतं. "निम्म्या जालन्याच्या सुना मी रस्त्यावर आनल्या," असं म्हणून स्वतःच खदखदा हसायच्या. नम्रपणा त्यांना ठाऊक नव्हता, आणि मला त्या त्यासाठीच आवडायच्या.

गाडी जुनी, हातातून हातात फिरत आलेली, पण आटोमॅटिक. पानपट्टीवरच्या लोकांना तिची फार गंमत वाटायची.

"आपा, ही काय गाडी हाय का? बायकांचं खेळनं."

"ये ना, बस. चढाला बाई-गडी कळतो का बघू."

आजवर एकही जण बसला नाही.

क्लच नाही म्हटल्यावर चढावर गाडी आपली आपण थांबून राहणार, असं मी धरून चालले होते. एक दिवस शेंगावाला, हातगाडीवाला सगळं नीट सांगितलं आणि ब्रेक सोडला. गाडी पुढे जाण्याऐवजी सावकाश मागे सरकू लागली. आवाज नाही, धक्का नाही. काही घडतंय हेच आधी कळलं नाही.

"दाब," आपा म्हणाल्या. मी ब्रेक दाबला. हँडब्रेक त्यांनी ओढला.

"ह्या गाडीला गियर बदलायचं कळतं बेटा, मागच्याला वाचवायचं न्हाई कळत. ते तुझं काम. आधी हँडब्रेक ओढ. मंग अलगद रेस दे. गाडी नाक वर करून ओढायला लागली की हँडब्रेक सोड. नुसत्या रेसवर चढाला धरून ठेवशील तर माझी गाडी जाळशील." एवढं झाल्यावर म्हणाल्या, "आता उतर."

"का?"

"ज्याच्यावर गाडी चाल्ली होती त्याचं तोंड बघून ये."

मागे एक हमालकाका उभे होते. गव्हाच्या पोत्यांची हातगाडी ओढत ते चढत होते आणि आमच्यामुळे अडकले होते. त्यांच्या दांड्यात आणि आमच्या बंपरमध्ये जेमतेम हात शिरेल एवढी जागा. चढावर भरलेली हातगाडी सोडून देता येत नाही, सोडली तर ती खालच्या लोकांवर जाते. म्हणून ते दांडा पोटाशी धरून, पाय रोवून तिथेच उभे होते. मी माफी मागितली तर हसले आणि माझ्या डोक्यावरून ओरडले, "आपा, तुमच्या पोरी मला येक दिवस पोत्यात भरतीन!"

"भरू दे, भाऊ! तूर म्हनून इकू तुला!"

सीटखाली आपा बाभळीचा एक लाकडी गुटका ठेवायच्या, जुन्या ओढणीत गुंडाळून. चढावर गाडी उभी करायची तर स्टेअरिंग ओट्याकडे वळवायचं, हँडब्रेक पूर्ण ओढायचा, दांडी पार्किंगला आणि चाकामागे गुटका. तो बाजूने वाकून लावायचा, गाडीच्या मागे जायचं नाही. हे त्या दरवेळी घोकून घ्यायच्या. "सुटली तर जाऊ दे. लोखंड हाय. लोखंडासाठी कोनी मरत न्हाई."

आता आपल्या बाजारातली एक रीत सांगते. तुम्हीही पाळत असाल. गल्ली अरुंद, त्यामुळे कुणाच्या तरी गाडीला आपली गाडी आडवी लावावी लागते. मग आपण ती न्यूट्रलमध्ये ठेवतो आणि हँडब्रेक ओढत नाही. कुणाला जायचं असेल तर ढकलून बाजूला करता यावी. आपल्याकडे ह्याला माणुसकी म्हणतात. सपाटीवर ती आहेही.

एका दुपारी एका तरुण कापड व्यापाऱ्याने आपली नवी आटोमॅटिक गाडी त्या गल्लीत अशीच ठेवली, चढ जिथे संपल्यासारखा वाटतो तिथे. तसल्या बऱ्याच गाड्यांत नसतो तसा तिच्यातही पार्किंगचा खटका नव्हता. गियर टाकूनच ती बंद करायला हवी होती. त्याने न्यूट्रल केलं आणि दुकानात गेला. मागचं चाक एका खळग्यात बसलं होतं, म्हणून गाडी थांबून राहिली. थोड्या वेळाने एका दुचाकीवाल्याला वाट हवी होती. त्याने गाडीला हात लावून रेटलं. चाक खळग्यातून निघालं आणि गाडी मागे निघाली, तशीच, आवाज न करता.

आपा समोर सुपारी घेत होत्या. त्यांची गाडी शेजारीच उभी होती. मी त्या दिवशी हसनाबादला होते, त्यामुळे पुढचं हमालकाकांनी सांगितलं तसं लिहिते. आपांनी गुटका काढला आणि धावल्या. त्या होत्या तिथून गाडीच्या मागचं दिसत नव्हतं. धावता धावता त्या ओरडल्या, "मागं कोन हाय?"

खालून उत्तर आलं, "मी हाय, आपा! भरल्याली हातगाडी हाय, सोडता येईना!"

आपांनी गुटका बाजूनेच लावला, ओट्याच्या बाजूने, शिकवायच्या तसाच. गुटक्याने चाक धरलं. एका बाजूचं चाक अडल्यावर गाडीची शेपूट ओट्याकडे फिरली. ओटा आणि गाडी यांच्यामध्ये आपा होत्या.

हातगाडीला गाडी लागलीही नाही.

आपांच्या घरी माणसं जमली. कुणी म्हणालं, आपांची घडी भरली होती. कुणी म्हणालं, बाईमाणसाने मध्ये कशाला पडायचं. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, घडी भरली नव्हती, हँडब्रेक ओढलेला नव्हता. सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मयताच्या घरी वाईट बोलले. बोलेन. नशिबाच्या नावावर जोवर आपण आपली कामं टाकतोय, तोवर बोलत राहीन.

तो व्यापारी दारात उभा होता. आत यायची हिंमत होत नव्हती. "आपन सगळेच असं ठेवतो ना, ताई," तो म्हणाला. "लोकायला ढकलता यावी म्हनून." त्याला सुनवायला मी शब्द जमवून गेले होते. त्याचं ऐकून त्यातला एकही वापरता आला नाही. खरंच, आपण सगळेच असं ठेवतो.

हमालकाका आता तो गुटका हातगाडीला दोरीने बांधून फिरतात. परवा चढावर भेटले. ओट्याला पाठ लावून बसले होते. म्हणाले, "ताई, मी गप बसलो असतो तं? कोनीच न्हाई असं वाटलं असतं तिला. गाडी जाऊ दिली असती तिनं. लोखंड हाय म्हनली असती."

मग गुटक्याची दोरी आवळत म्हणाले, "पन इचारलं तिनं. इचारल्यावर मानूस सांगतोच ना?"

मी आजही त्या चढावर थांबते. शेजारची सीट रिकामी असते, डॅशबोर्डवर अंगठीचे बारीक ओरखडे पडलेले असतात. आपांच्या लेकीने ती गाडी मला दिली आहे. मी आरशात बघते आणि मोठ्याने सांगते: शेंगावाला, दोन शाळकरी मुली, हमालकाका. पुढचं "बराबर" कुणी म्हणत नाही. मग मी हँडब्रेक ओढून, गाडी नाक उचलेपर्यंत थांबते.

तुमच्याकडे एक मागणं आहे. चढावर, आणि चढ संपल्यासारखा वाटतो तिथेही, गाडी न्यूट्रलमध्ये सोडून जाऊ नका. लोकांची अडचण झाली तरी चालेल. हँडब्रेक पूर्ण ओढा, गियर किंवा पार्किंग टाका, चाक ओट्याकडे वळवा. आणि ब्रेकवरून पाय उचलण्याआधी, काच वर असो, शेजारी कुणी नसो, मागे कोण आहे ते मोठ्याने सांगा. आपांनी विचारलं आहे.