न उठलेला पाय

मला देवीचा, आमच्या तापीमाईचा, राग आला होता, हे आधीच सांगून टाकते. राजघाटावर तापीमाईच्या पाण्याची घागर कमरेवर घेऊन वर येत होते. शेवाळलेल्या पायरीवर पाय सटकला आणि पाठीवर आपटले. पाणी तिच्याच पूजेचं होतं, कर्म माझं!

डॉक्टरांनी लाकडी फळीवर झोपून राहायला सांगितलं. "बाई, आराम हेच औषध. कळा उतरल्या की गुडघे हळूहळू हलवायचे, हां." पण आमच्याकडे पाठ धरली की पायाळू माणसाला बोलावतात. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याचा पाय पाठीला लागला की उसण जाते म्हणतात. सासूबाईंनी मायेपोटीच गल्लीतल्या एकाला आणलं. त्याने पाय दिला, माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि संध्याकाळपर्यंत डावा पाय बधिर झाला.

मग मी अशी घाबरले की विचारू नका. कळा ओसरल्या तरी गुडघा हलवीना. हलवला आणि उजवाही गेला तर? माझी रांगती लेक फळीला धरून उभी राहायची, घे म्हणून हात पसरायची आणि मी नुसती बघत राहायची. बाहेर ओट्यावर हे आणि शेजारी बोलत असायचे, राज्यांची नवी वाटणी होतेय, आपला मुलूख नव्या राज्यात जाणार, कचेऱ्या कुठे हलणार. मनात यायचं, सगळं गाव कुठंही जावो, मी मेली इथेच पडून राहणार. माईशी भांडायची, आणि कळ आली की तोंडात तिचंच नाव यायचं.

सासूबाईंनी पुन्हा हट्ट धरला. पहिल्याच्या पायाला गुण नसेल, फोपनार गावची एक पायाळू म्हातारी आहे, तिचा गुण हमखास येतो. हे नको म्हणाले, पण आईपुढे यांचं काय चालणार! म्हातारी आली. मला पालथं केलं. भीतीने मी सतरंजीचं टोक दातांत धरलं. रोज 'बरं कर, बरं कर' म्हणणारी मी, त्या घडीला एवढंच म्हणाले, "माई, माझं काही चालत नाही. तू करशील ते."

पाय काही लागेना. मग म्हातारीचा आवाज आला, "ऐ माय, माझा पाय उठत नाही वं."

"उठत नाही म्हणजे? भिंतीला धरा," सासूबाई म्हणाल्या.

"धरलं ना! असं कधीच झालं नाही." ती मटकन खाली बसली. तिचा हात माझ्या बधिर पावलावर आला. "पोरी, मला तर वरून नाही म्हटलं. आता तूच उचल तुझा पाय."

मी भीतभीत गुडघा वाकवला. पाऊल जेमतेम बोटभर उठलं. सासूबाई ओक्साबोक्शी रडायला लागल्या.

त्या दिवसापासून डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम सुरू झाला. सासूबाई स्वतः माझ्या टाचेखाली हात धरून बसायच्या. कुशीवर वळणं, उठून बसणं, भिंत धरून उभं राहणं, असं करत मी चालायला लागले.

म्हातारीचे गुडघे धरले असतील, असं हे म्हणतात. असतील. मी वाद घालत नाही, मी माईला हात जोडते. शरण गेलं की भीती जाते असं मला वाटायचं. माझी गेली नाही; त्या दुपारी पाऊल उचललं तेव्हा तर मी सगळ्यात जास्त भ्यालेली होते. तरी उचललं, कारण ते एकटीने पेलायचं नाही, असं पहिल्यांदाच वाटलं.