पिवळीच राहिलेली हळद
चुन्याची डबी उघडली की मला दांडी गावातलं आमचं लहानपणचं घर आठवतं. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं आणि तिथल्या मजुरांच्या बाजारातून आईने स्वस्तातली हळद आणली होती. माझा पाय मुरगळला, म्हणून लेपासाठी तिने त्या हळदीत चुना कालवला. चुना पडला की हळद लाल होते. ही पिवळीच राहिली. तिने आणखी चुना घातला. शेजारची मावशी वाकून बघत हळूच म्हणाली, "बाय, ही हळद नाय. नुसता रंग हाय." आई माझ्या धाकट्या भावाकडे धावली. खोकल्यासाठी आठ दिवस ती त्याला याच हळदीचं दूध पाजत होती. आताचाही पेला रिकामा झाला होता, आणि त्याच्या ओठांवर पिवळी मिशी होती. अजूनही नवी हळद आली की मी आधी चुना लावून बघते, आणि ती लाल होईपर्यंत कुणाशी बोलत नाही.