मालनच्या पट्ट्यावरची खडी

मुलुंडच्या त्या गल्लीत नवा रस्ता खचला आणि तिथेच राहणाऱ्या सुहासिनीवहिनी पडून त्यांचं मनगट मोडलं, तेव्हा सगळ्या गल्लीने बोट दाखवलं ते मालन धुरीकडे. कारण रस्ता होत असताना तिनेच दारोदार अभिमानाने सांगितलं होतं, "ह्याच्या पोटात आमच्या पट्ट्यावरची खडी आहे. बघाच आता."

मालन पन्नाशीची, ह्याच गल्लीत राहणारी. वडील मालवणातून गिरणीत आलेले. गिरणी बंद पडली तेव्हा ती नववीत होती, शाळा तिथेच सुटली. पुढे बावीस वर्षं तिने औषधाच्या गोळ्या पाकिटात भरल्या. तो कारखानाही गुजरातेत गेला. मग राडारोड्याच्या कारखान्यात काम मिळालं. पाडलेल्या इमारतींचा मलबा तिथे पट्ट्यावरून सरकत येतो आणि दोन्ही बाजूंच्या बायका त्यातून लाकूड, प्लास्टिक, चिंध्या, पीओपी हाताने वेचून काढतात. उरलेलं काँक्रीट भरडून, चाळून, धुऊन त्याची खडी होते. रस्त्याच्या पायात ती दगडाच्या खडीसारखी चालते. पहिल्याच महिन्यात काचेने मालनच्या करंगळीचं पेर नेलं. पण दोन वर्षांत ती पट्ट्याची मुकादम झाली. विटेचे तुकडे एकमेकांवर आपटून ती कानाने ओळखायची. वीट खणखणीत वाजली तर ठेवायची, भद्द वाजली तर बाहेर.

आणि आता वाण्याच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, "कचऱ्यावर रस्ता केला, दुसरं काय होणार?" मालनने साखरेची पुडी तिथेच ठेवली आणि तडक खड्ड्यापाशी गेली.

ठेकेदाराचा इंजिनिअर हर्षद तिथे उभा राहून खड्डा बुजवून घेत होता. खडी घ्यायला कारखान्यात यायचा, म्हणून मालनला तो ओळखत होता.

"मावशी, आमचा नाइलाज आहे," तो म्हणाला. "वरून सांगतात मलब्याची खडी वापरा. कचरा तो कचराच ना शेवटी."

मालन खड्ड्यात उतरली. हाताने उकरलं. प्लायवूडची फळी निघाली. मग थर्माकोल, मग छताच्या पीओपीचा फुलांच्या नक्षीचा तुकडा. बोटाने दाबला तर त्याचा लगदा झाला.

"हे माझ्या पट्ट्यावरनं गेलं? ह्या फुलांसकट? खयच्या इमारतीतनं उचलून टाकलंस रे हे?"

"उगाच आरोप करू नका."

"आरोप नाय करत. पीओपी दाखवतेय."

त्याने कामगारांना माती ओढायला सांगितलं. मालन खड्ड्यातच उभी राहिली. "टाक माझ्या अंगावर," ती म्हणाली. फावडी थांबली.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचे मॅनेजर देवदत्त यांनी तिला बोलावून घेतलं. "मालनताई, तो ठेकेदार आपलं गिऱ्हाईक आहे. आपण आपलं काम करावं."

"तेच करतेय, साहेब. चार दिवस रजा द्या." रजा मिळाली नाही. ती तशीच घरी बसली, म्हणजे वॉर्ड ऑफिसच्या बाकावर बसली. दीप्ती नावाची तरुण ज्युनिअर इंजिनिअर तिसऱ्या दिवशी वैतागून तिच्याबरोबर गल्लीत आली.

मालनने दोन बादल्या पाणी भरून ठेवलं होतं. एकीत तिने कारखान्यातली खडी टाकली, दुसरीत खड्ड्यातला माल. "अर्धा तास थांबा, मॅडम." वहिनी प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून दारात बसल्या होत्या. गल्ली जमली. अर्ध्या तासाने पहिल्या बादलीतली खडी होती तशी होती. दुसरीत पांढरा चिखल झाला होता आणि वर थर्माकोल तरंगत होता.

गर्दी बघून आलेला हर्षद हसला. "हे काय शाळेतलं सायन्स?"

दीप्ती हसली नाही. तिने तीन ठिकाणी रस्ता उकरायला सांगितला. गल्लीच्या तोंडाशी, जिथून तपासणीला नमुना उचलतात, तिथे चांगली खडी निघाली. आत दोन्ही ठिकाणी कच्चा मलबा होता. शेजारची इमारत पाडली होती, तिथला माल ठेकेदाराने थेट गल्लीत ओतला होता. मलबा लांब कारखान्यापर्यंत वाहून न्यायचा त्रास वाचला आणि कागदावर कारखान्याची खडी दाखवता आली.

दीप्ती तिथेच फळीवर कागद ठेवून अहवाल लिहू लागली.

"काय लिहिलंत ते वाचा," मालन म्हणाली.

"पुनर्वापराचे साहित्य निकृष्ट आढळले."

"खोडा ते."

"मावशी, अर्थ तोच आहे."

"अर्थ तो नाय. असं लिहाल तर उद्या कुणी आमचा माल घेणार नाय आणि ह्याचं नाव कुठेच येणार नाय. ह्याने चोरी केली आणि निकृष्ट आम्ही? दिवसभर उभं राहून धूळ खातो आम्ही, बोटं तुटतात. खोडा."

दीप्तीने तिच्या हाताकडे पाहिलं आणि ओळ खोडली. 'ठेकेदाराने प्रक्रिया न केलेला राडारोडा भरला,' असं लिहून तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

गल्ली पुन्हा खणली गेली, ठेकेदाराच्याच खर्चाने. मालन कामावर परतली तेव्हा देवदत्तांनी तिला मुकादमीवरून काढून पुन्हा पट्ट्यावर उभं केलं होतं. तिने हातमोजे चढवले आणि वेचायला लागली. संध्याकाळी मात्र ती गल्लीत येऊन प्रत्येक थर पायाने दाबून बघायची. वाणी तिला खुर्ची द्यायला लागला. ती बसली नाही.

शेवटचा रोलर फिरला तेव्हा हर्षद म्हणाला, "झालं ना समाधान?"

"नाय झालं. वहिनींचं मनगट वाकडं जुळलंय, त्यांना पोळी लाटता येत नाय. त्यांच्या घरी जा आणि माफी माग."

तो गेला नाही. सध्या त्याचं काम पलीकडच्याच गल्लीत चालू आहे. मालन रोज कामावर जाताना वाट वाकडी करून तिथे थांबते आणि सगळ्या कामगारांसमोर त्याला विचारते, "गेलास का रे वहिनींकडे?"